तक्रारीची खंडेनवमी

काचेची पेटी तयार झाली होती. तिच्यात ठेवायची काठी मात्र अजून द्वारकाबाईंच्या न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी होती, आणि द्वारकाबाई ती द्यायला तयार नव्हत्या.

सोमेश्वर सरांनी ही बातमी त्यांच्या लेकीला, दैवशालाला, स्टँडवरच दिली. खंडेनवमीचा आदला दिवस होता. भोकरदनहून आलेल्या जीपमधून ती धावड्याला उतरली, तोच सरांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि चालता चालता सांगायला सुरुवात केली. सर गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि तिच्या वडिलांच्या नावाने जी स्मारक समिती झाली होती तिचे अध्यक्ष.

"सागवानी चौकट, समोरून काच, आतून लाईट. बिलकुल म्युझियमसारखं झालंय, ताई. परवा दसऱ्याला सकाळी शाळेत उद्घाटन, मंग तुमचं भाषण. सगळं बराबर हाय. फक्त काठी तेवढी काकू देऊन न्हाई राह्यल्या."

"का पण?"

"हरभरा टोकायचाय म्हणतेत."

"दुसऱ्या काठीनं टोकता येईल की."

"मी तेच म्हणलो. तं म्हणल्या, सर, तुमच्या पेटीत दुसरी काठी ठेवता येईल की."

दैवशालाला हसू आलं. पाच महिन्यांत असं न सांगता आलेलं हसू फार थोड्या वेळा आलं होतं.

"मी बोलते तिच्याशी," ती म्हणाली.

तिचे वडील, अण्णा, वैशाखात गेले. दुपारी जेवले, वर्कशॉपच्या ओट्यावर आडवे झाले आणि उठले नाहीत. पुंजाराम मिस्त्री हे नाव जाफराबादपासून भोकरदनपर्यंत लोकांना माहीत होतं ते त्या काठीमुळे. काठी म्हणजे एक लोखंडी नळी. वर पत्र्याचं नरसाळं, खाली पोलादाची चोच. काठी जमिनीत रोवायची, नरसाळ्यात सरकीचे दोन दाणे सोडायचे, काठी पुढे कलवली की चोच उघडते आणि दाणे मातीत बसतात. पायाने माती दाबायची आणि पुढचं पाऊल टाकायचं. कापूस लावणाऱ्या बाईला दिवसभर कमरेत वाकावं लागू नये, एवढंच तिचं काम. आता तसल्या काठ्या बाजारात कितीतरी प्रकारच्या मिळतात, प्लॅस्टिकच्यासुद्धा. पण त्या गावांनी पाहिलेली पहिली काठी हीच, आणि ती द्वारकाबाईंच्या हातात होती.

शोध लागला की लोक तो धावत येऊन उचलतात, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. दैवशाला संभाजीनगरला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, आणि हे वाक्य कुठल्या पाठ्यपुस्तकात आलं की तिला आपल्या आईची आठवण व्हायची. चोच जमायला अण्णांना एक पावसाळा लागला. बाई उभी राहूनही काम करू शकते, हे गावाला पटायला त्याहून किती जास्त लागले कोणास ठाऊक. वावरात उभी दिसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असा समज होता. मालक बांधावरून ओरडायचा, "उभी काय राह्यली?" आणि बाई काठी टाकून पुन्हा वाकायची. शेवटी अण्णांनी रस्त्याला लागून असलेल्या आपल्याच वावरात बायकोला काठी देऊन उभं केलं. एसटीच्या खिडक्यांतून लोक माना काढून बघायचे. कोणी म्हणायचं, मडम आली सरकी लावायला. कोणी म्हणायचं, पुंजारामनं बायकोला हॉकी शिकवली. द्वारकाबाई तोंड फिरवायच्या नाहीत. शेजारच्या वावरातल्या बाया अजून अर्ध्यावर असताना त्या बांधावर येऊन पाणी प्यायच्या. ते पाणी पिणं लोकांनी पाहिलं, आणि मग हळूच एकेक जण वर्कशॉपमध्ये येऊ लागला.

"लोखंड वाकवणं सोपं हाय," अण्णा म्हणायचे. "भट्टीत घातलं की वाकतं. बांधावरचा माणूस भट्टीत घालता येत न्हाई."

एकदा दैवशालाने त्यांना कॉलेजात बोलावलं होतं. ग्रामीण संशोधक म्हणून त्यांची ओळख करून दिली गेली तेव्हा ते जरा अवघडून उभे राहिले, आणि म्हणाले, "विज्ञान म्हंजे काय ते ही शिकवती, तिला विचारा. मला एवढंच माहीत हाय की लोखंडाला लाज न्हाई. चुकलं तं चुकलं म्हणून दाखवतं. झाकतो ते माणूस." पोरं हसली. ते हसण्याचं वाक्य नव्हतं, हे दैवशालाला कळायला बरीच वर्षं लागली.

हे लाज न धरणं त्यांनी खंडेनवमीच्या दिवसाला जोडून टाकलं होतं. त्या दिवशी सगळीकडे औजारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून ठेवतात. त्यांना काम सांगत नाहीत. अण्णांच्या वर्कशॉपमध्येही करवत, घण, वेल्डिंगचं मशीन अशी सगळी मंडळी फुलं घालून ओळीने बसायची. पण अण्णांचं म्हणणं असं, की आज औजाराला सुट्टी आहे, तर त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलून घ्यावं. लोकांनी आपापली काठी, कोळपं, फवाऱ्याचा पंप घेऊन यायचं आणि तक्रार सांगायची. कौतुकाला बंदी. कोणी "लई मस्त चालती" म्हणालं, की अण्णा पालथ्या डब्यावर बसल्या बसल्या म्हणायचे, "मंग घरी जा. मागच्याला येऊ दे." तक्रार सांगणाऱ्याला मात्र मधे तोडायचे नाहीत. कुठं अडतं, कव्हा अडतं, पाठ दुखती का खांदा, असं डॉक्टरसारखं विचारायचे आणि खडूने खूण करायचे. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, म्हणून फक्त खडू. दसऱ्याच्या सकाळी पूजेतून पहिली उठायची ती करवत.

आपलं म्हणणं कुठे खोटं पडतं ते शोधत राहावं, हीच विज्ञानाची रीत, असं पुढे दैवशालाने मोठमोठ्या ग्रंथांत वाचलं. वाचताना तिला प्रत्येक वेळी तो पालथा डबा दिसायचा.

दसऱ्याच्या भाषणात हे सगळं तिने लिहून आणलं होतं. काठीच्या उंचीवर एक सबंध परिच्छेद होता. वर्कशॉपच्या दाराच्या लाकडी चौकटीवर कानशीने पाडलेली एक खाच होती. प्रत्येक नवी काठी त्या खाचेला लावून बघायची, नरसाळं बरोबर तिथे आलं पाहिजे, असा अण्णांचा नियम. आणि वर्कशॉप आता त्यांच्या हाताखाली शिकलेला आदिनाथ चालवत होता, तोही तसंच करायचा. त्या उंचीमागे वडिलांनी किती प्रयोग केले असतील, असं दैवशालाने लिहिलं होतं. तरफ, वजन, हाताची हालचाल, सगळं तिने आकृती काढून तपासलं होतं आणि उंची अगदी योग्य निघाली होती.

काठी पेटीत जावी असं समितीला वाटत होतं, पण दैवशालाला त्याहून जास्त वाटत होतं. पाच महिन्यांत अण्णांचं एकेक काहीतरी सरत चाललं होतं. कपडे वाटून झाले. चष्मा कोणाच्या तरी पायाखाली आला. तिच्या मोबाईलमध्ये त्यांनी पाठवलेले आवाजी निरोप होते, "शाला, पोहोचली का?" एवढेच, मोबाईल बिघडला आणि तेही गेले. काचेच्या आड काहीतरी एक जसंच्या तसं राहील, कोणी हात लावणार नाही, गंजणार नाही, हा विचार तिला धरून राहिला होता. कॉलेजातून सुट्टी काढून ती आली होती ती त्यासाठी.

द्वारकाबाई अंगणात सूप घेऊन हरभरा पाखडत होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं, सरांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"वकील घेऊन आली का?" त्या म्हणाल्या.

सर पिशवी ओट्यावर ठेवून लगेच निघून गेले.

चहा झाल्यावर दैवशालाने विषय काढला. आईने ऐकून घेतलं. सूप थांबलं नाही.

"ती माझी काठी हाय," आई म्हणाली. "त्यानं माझ्यासाठी केल्ती. दुकानात ठेवायला न्हाई."

"दुकान नाही गं. शाळेत. पोरांना बघायला मिळेल."

"काचंतून काय दिसंल? काठी दिसंल. वावरात घेऊन चाल पोरांना, हातात देते."

"आई, ती पहिली काठी आहे. एकच आहे. तुझ्या हातात एखाद्या दिवशी मोडली तर?"

"त्याच्या हातात कितीदा मोडली." आईने खडे वेचून बाजूला टाकले. "आणखी एक हाय. तक्रार हाय माझी."

"कसली?"

"आज न्हाई सांगायची. उद्या दिवस हाय त्याचा."

"मला सांग ना. मीच आहे."

"म्हणूनच न्हाई सांगत. तू लेक हाय. लेकीला सांगितलं तं ती म्हणती, आई, तू बस, मी करते." आईने सूप खाली ठेवलं. "उद्या सांगीन. ओळीत उभी राहून."

खंडेनवमीला सकाळी आदिनाथने वर्कशॉप धुऊन काढलं. हत्यारं ओळीने मांडली, झेंडूची फुलं वाहिली. पालथ्या डब्यावर अण्णांचा फोटो ठेवला होता, त्याला हार. दैवशाला शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. यंदा तक्रारी नकोत, असं तिने ठरवलं नव्हतं. पण फोटो ठेवल्यावर तसं ते आपोआप झालं. लोक आले. हातात काठ्या, कोळपी घेऊन आले, पण फोटोला हात जोडून पुढे सरकू लागले. "मिस्त्रीसारखा माणूस न्हाई." "काय डोकं व्हतं." "आमच्या घरी बारा महिने त्याच्या हातची वस्तू." दैवशाला मान हलवत होती. तिला बरं वाटत होतं. अण्णा असते तर एकेकाला घरी पाठवलं असतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती ऐकत राहिली. उपाशी माणसाने कोणाच्या ताटातलं आहे ते न बघता खावं तसं.

आलेले सगळे पुरुष होते. दरवर्षी तसंच असायचं. वर्कशॉपमध्ये बायकांनी काय यायचं?

मग ओळीत आई दिसली. डोक्यावर पदर, हातात काठी. पुढे शिवाजीकाका उभे होते, भावकीतले. ते बाजूला झाले.

"वहिनी, तुम्ही या पुढं. तुम्हाला काय ओळ?"

"ओळ म्हंजे ओळ," आई म्हणाली आणि त्यांच्या मागेच उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा तिने फोटोकडे पाहिलं नाही. दैवशालाकडे पाहिलं.

"तक्रार हाय."

कोणीतरी हळूच हसलं.

"बोला," दैवशाला म्हणाली. आपल्या तोंडून अण्णांचाच शब्द आला हे तिच्या लक्षात आलं.

"काठी उंच झाली."

"उंच झाली?"

"दर दाण्याला हात वर करावा लागतो. सांजच्याला खांदा उतरून येतो. मागच्या सरकीलाच झाल्तं. आदिनाथला म्हणलं काप, तं हा कानाला हात लावून उभा राह्यला."

"काकू, अण्णांच्या हातची काठी हाय," आदिनाथ म्हणाला. "तिला मी करवत लावू? गाव मला जगू देईल का?"

"बघ," आई दैवशालाला म्हणाली. "तव्हापासून ऐकून राह्यले."

"पण आई, लोखंड कसं वाढेल? काठी तीच आहे. खाचेला लावून बघ." दैवशाला उठली, काठी घेतली, चौकटीशी नेली. नरसाळ्याची खालची कड बरोबर खाचेवर आली. "हे बघ. जशीच्या तशी."

"खाच कशाची हाय?" आईने विचारलं.

दैवशालाला परिच्छेद पाठ होता. तरफ, वजन, हाताची हालचाल. ती काही बोलायच्या आत आई चौकटीला पाठ लावून उभी राहिली, टाचा लाकडाला टेकवल्या, हात कोपरात दुमडला. ही उभं राहण्याची पद्धत तिला कोणी आत्ता शिकवलेली नव्हती.

"असं उभं केल्तं मला," ती म्हणाली. "अन् कोपराला कानस लावली. म्हणला, हालू नको."

कोपर खाचेच्या खाली होतं. चांगलं चार बोटं खाली.

दैवशाला बघत राहिली. आईची पाठ थोडी वाकली आहे, गुडघे झिजले आहेत, हे तिला ठाऊक होतं, रोज फोनवर ती विचारत होती; गोळ्या घेतल्या का, तेल लावलं का. पण आई किती कमी झाली ते असं लाकडावर, मोजून, तिने कधी पाहिलं नव्हतं. जिथे आईचा हात होता तिथे आता नुसती खाच होती. आणि इतकी वर्षं अवघ्या पंचक्रोशीतल्या काठ्या त्या खाचेला लावून कापल्या जात होत्या.

"म्हणजे... सगळ्या काठ्या तुझ्या मापाच्या?"

"मंग कोणाच्या?"

"अण्णांनी दुसऱ्या कोणाचं माप नाही घेतलं?"

"दुसऱ्या कोणाचं घेणार?" आई चौकटीपासून सरकली. "परक्या बाईला म्हणंल का तो, ये, उभी राह्य, कोपर दाखव? जीभ उचलली नसती त्याची. अन् उचलली असती तं तिच्या नवऱ्यानं ठेवली नसती."

यावर सगळेच हसले. हसणं थांबायच्या आत दारातून आवाज आला.

"मंग माझी बी तक्रार हाय."

चांगुणाबाई, शिवाजीकाकांची बायको, दाराबाहेर उभी होती. नवऱ्याला जेवायला बोलवायला आली होती. गावात तिच्याएवढी उंच बाई नव्हती. लग्नानंतर सासूने पहिलं वाक्य हेच म्हटलं होतं म्हणे, वाकून ये बाई, चौकट पडंल.

"तुझी काय तक्रार?" शिवाजीकाका म्हणाले. "मी आलोय ना सांगायला."

"तुम्ही काय सांगणार?"

"चोचीत चिखल बसतो."

"दरसाली चिखलच बसतो ह्यांच्या चोचीत." चांगुणाबाई उंबऱ्याच्या आत आली. "शाला, ही न वाकायची काठी म्हणतेत ना? मी हिला घेऊन वाकूनच लावती सरकी. मानंपासून कमरंपर्यंत कळ लागती. ह्यांना म्हणलं, मिस्त्रीला सांगा, आखूड हाय. हे इथं येऊन सांगतेत, चिखल बसतो."

"अगं पण चिखल बसतच होता!" शिवाजीकाका म्हणाले.

"बसंना का. तो मी काडीनं काढते. कंबर कशानं काढू?"

आता हसण्यात बाहेरच्या बायकांचाही आवाज होता. दारापाशी आणखी दोघीतिघी येऊन थांबल्या होत्या. कोणी दळण घेऊन चालली होती, कोणी नुसतीच.

दैवशाला डब्याकडे वळली. फोटो उचलून तिने भिंतीच्या खिळ्याला लावला, हारासकट. डब्यावर ती स्वतः बसली नाही. त्याच्या मागच्या फळीवर अण्णांच्या खडूंची पेटी होती, तिच्यातला एक खडू घेतला.

तक्रार ऐकण्यात अण्णांइतका चोख माणूस तिने पाहिला नव्हता. पण त्यांच्यापर्यंत यायची ती गड्यांची तक्रार. काम बाईचं, दुखणं बाईचं, आणि सांगायला यायचा गडी. त्याला चोच दिसायची, कंबर दिसायची नाही. एकाच बाईची तक्रार त्यांना थेट ऐकू यायची, कारण ती घरात होती. त्यांनी तिचं ऐकलं, अगदी बरोबर ऐकलं. आणि तिच्या कोपराला सगळ्यांचं कोपर समजले. दैवशालाची आकृतीही चुकलेली नव्हती. ती बरोबर एकाच बाईची होती. दिवसभर विचार करून काढावा असा हा निष्कर्ष नव्हता. समोर चौकट होती आणि चौकटीवर एकच खाच होती.

"काकू, इथं उभ्या राहा," ती चांगुणाबाईला म्हणाली. "टाचा टेकवा. हालू नका."

"मला हात लावती का? लाव बाई, तू लाव."

खडूची रेघ खाचेच्या बरीच वर आली. मग दळणवाली आली. तिची रेघ खाचेच्या जवळच, पण खाली. मग शाळेत खिचडी शिजवणारी प्रीती, तिला घाई होती, ती उभ्याउभ्या कोपर दाखवून गेली. दुपारपर्यंत चौकटीवर रेघाच रेघा झाल्या, वर, खाली, एकमेकींना खेटून. अण्णांची खाच त्यांच्यात होती. शोधली तर सापडत होती.

गडी माणसं बाहेर ओट्यावर बसली होती. शिवाजीकाका म्हणत होते, "आता ह्या सगळ्यांना एकेक काठी येगळी करायची का? हे तं शिंप्याचं दुकान झालं."

"येगळी कशाला?" आदिनाथ म्हणाला. तो केव्हापासून चौकटीकडे बघत होता. "पाईपात पाईप घालू. पण सरकी अडकंल ना ताई, सांध्यावर?"

दैवशालाने काठीच्या नरसाळ्यात डोकावून बघितलं. "वरचा पाईप बारीक घे आणि खालच्याच्या आत सोड. दाणा वरून खाली येतो, त्याला वाटेत कड लागणार नाही. आवळायला सायकलच्या सीटखाली असते ना, तसली कडी बसव."

आदिनाथने हवेत दोन बोटांनी पाईप धरल्यासारखं केलं, एकात एक सरकवून बघितलं. "जमंल," तो म्हणाला. "परवा बघतो."

शेवटी आई राहिली होती. तिने काठी जमिनीवर उभी धरली. दैवशालाने आईचं कोपर दुमडलं, हाताला धरून सरळ केलं. हाडं हाताला लागली. काठीवर तिने खडूने खूण केली. खूण आणि नरसाळं यांच्या मधे चार बोटांची नळी होती.

"उद्या सकाळी," ती म्हणाली.

"उद्या सकाळी सर येणारेत काठी न्यायला," आई म्हणाली.

"माहीत आहे."

दसऱ्याला सकाळी आदिनाथने करवतीवरचं फूल काढून दैवशालाच्या हातात करवत दिली. स्वतः घेतली नाही. काठी व्हाइसच्या जबड्यात आवळली, नरसाळं काढून बाजूला ठेवलं, खडूची रेघ करवतीखाली आली. दैवशाला थांबली. नळीवर त्या जागी लोखंड आईच्या हाताने घासून गुळगुळीत झालेलं होतं, आणि त्या गुळगुळीतपणातूनही अण्णांच्या हातोडीचे बारीक ठोके अजून दिसत होते. पुसले जातील असं त्यात काही नव्हतं. ते कापले जाणार होते.

"तिरपी नको धरू," आई मागून म्हणाली. "तो सरळ धरायचा."

लोखंड कापताना आवाज फार होतो. त्या आवाजात सोमेश्वर सर कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. तुकडा खाली पडला, घरंगळत त्यांच्या बुटापाशी गेला.

"ताई," सर म्हणाले. "हे काय केलं?"

"तक्रार होती, सर."

"अहो पण पेटी... पाहुणे निघाले असतील आता. मी लेबल छापून आणलंय. मूळ काठी, मूळ स्वरूपात."

"लेबलावरचं 'मूळ स्वरूपात' तेवढं खोडा," दैवशाला म्हणाली. "'मूळ काठी' राहू द्या."

सरांनी तुकडा उचलला, उलटासुलटा केला. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता, आणि दैवशालाला त्यांची दया आली. कालच्या सकाळपर्यंत तिचाही चेहरा तोच होता.

"पण मंग पेटीत आज काय ठेवू?"

"आज रिकामी दाखवा," आई म्हणाली. तिने व्हाइसमधून काठी सोडवून घेतली होती आणि नरसाळं बसवून बघत होती. "हरभरा झाला की घेऊन जा. मी काय कायमची न्हाई म्हणले का? पुढच्या सरकीला परत आणून द्या म्हंजे झालं."

"पेटीला कुलूप बसवलंय, काकू."

"मंग एक किल्ली माझ्याजवळ ठेवा."

सरांनी तो तुकडा दैवशालापुढे धरला. "हा तरी?"

तिने तो घेतला. अजून गरम होता. मुठीत मावेल एवढा, दोन्हीकडून उघडा. तिने तो थोडा वेळ धरून ठेवला, निवेपर्यंत, आणि मग भंगाराच्या डब्यात टाकला. अण्णा तिथेच टाकायचे.

शाळेतला कार्यक्रम तासाभरात उरकला. पाहुण्यांनी रिकाम्या पेटीची फीत कापली आणि काठी दुरुस्तीला गेली आहे, असं सरांनी सांगितलं. ते खरंच होतं. दैवशालाने भाषणातला उंचीवरचा परिच्छेद गाळला. त्याऐवजी एवढंच म्हणाली, की पुंजाराम मिस्त्रींनी एका बाईचं दुखणं नीट ऐकलं आणि त्यातून काठी झाली. बाकीच्यांचं ऐकायचं राहिलं, ते आता वर्कशॉपमध्ये सुरू झालं आहे, गड्यांनी जरा ओट्यावर सरकून बसावं. टाळ्या मागून आल्या. मागे बाया बसल्या होत्या.

दुपारी आई वावरात गेली. दसऱ्याचा मुहूर्त होता आणि बांधालगतचा तुकडा हरभऱ्यासाठी तयार होता. दैवशाला बांधावर बसली. आईने कमरेला बियाची पिशवी बांधली, काठी रोवली, दाणा सोडला, काठी पुढे कलवली. हात आता वर जात नव्हता. कोपरापासून जायचा आणि यायचा. एक ओळ झाली. ओळीच्या टोकाला आई वळली, खांदा फिरवून बघितला आणि उभी राहिली. रस्त्यावरून भोकरदनची एसटी गेली. खिडकीतून कोणी पाहिलं नाही.

"कशी आहे?" दैवशालाने विचारलं.

"लई मस्त चालती," आई म्हणाली.

"मंग घरी जा," दैवशाला म्हणाली.

पदराचं टोक तोंडाशी नेऊन आई जराशी हसली, किंवा तसं वाटलं. मग पिशवीत हात घातला आणि पुढचा दाणा नरसाळ्यात सोडला.